गेटवर वॉचमन उभा राहिला, पण परवाना कोणत्या जिल्ह्याचा?

जळगाव : दिवाळीनंतर कापूस घरात यायला लागला की जामनेर, बोदवड, धरणगाव, चोपडा पट्ट्यातल्या जिनिंगच्या आवारात गाड्यांच्या रांगा लागतात. गंजी लागतात, गाठी बांधल्या जातात, व्यवहार वाढतात आणि रात्रीचा पहारा लागतो. मालक एक फोन करतो. दुसऱ्या दिवशी निळा शर्ट, काळी टोपी घातलेली चार पोरं गेटवर हजर. शर्टावर कुठल्यातरी 'सिक्युरिटी फोर्स'चं नाव. पोरं आजूबाजूच्याच गावांतली. त्यांना विचारायचा प्रश्न ठरलेला, "भाऊ, पगार कितला?" पण ज्याने ही पोरं पाठवली त्याच्याकडे परवाना आहे का, हा प्रश्न सहसा कुणी विचारतच नाही.

विचारलाच तर उत्तर तयार असतं, "रजिस्ट्रेशन झालंय ना." आणि ते खोटंही नसतं. शॉप ॲक्ट असतो, उद्यमचं प्रमाणपत्र असतं, जीएसटी नंबर असतो, कुणी प्रायव्हेट लिमिटेड कंपनीसुद्धा काढलेली असते. अडचण एवढीच की यातला एकही कागद सुरक्षा एजन्सी चालवायचा परवाना नाही. किराणा दुकानाला आणि मोबाइल रिपेअरिंगला जे कागद लागतात तेच हे कागद. दुसऱ्याच्या मालमत्तेवर किंवा माणसावर पहारा ठेवायला पैसे घेऊन रक्षक पुरवायचे असतील, तर खासगी सुरक्षा एजन्सी (विनियमन) अधिनियम, २००५ खाली स्वतंत्र परवाना लागतो. हा कायदा १४ मार्च २००६ पासून लागू आहे. म्हणजे तो काही काल-परवाचा नियम नव्हे. विनापरवाना धंदा केल्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा २५ हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा त्यात लिहिलेली आहे.

खान्देशातून फौजेत जाणाऱ्यांची संख्या कमी नाही. पंधरा-सतरा वर्षं नोकरी करून चाळिशीच्या आत घरी आलेल्या माणसाला पेन्शन असते, ओळखी असतात, शिस्त असते. गावातली बेकार पोरं त्याच्याभोवती जमतात. एजन्सी काढायचा विचार त्याच्या डोक्यात येणं अगदी साहजिक आहे. कायदाही त्याच्या बाजूने आहे. सुपरवायझर नेमताना लष्कर, नौदल, हवाई दल, केंद्राची इतर सशस्त्र दलं किंवा राज्य पोलिसांत किमान तीन वर्षं काम केलेल्यांना प्राधान्य द्यावं, असं तो म्हणतो. तरीही हा माजी सैनिक जिथे अडखळतो त्या जागा बहुतेक ठरलेल्या आहेत.

पाच हजार, दहा हजार, पंचवीस हजार

पहिली जागा म्हणजे हद्द. परवान्याची फी कायद्यातच दिलेली आहे. एका जिल्ह्यासाठी ५ हजार रुपये, एकापेक्षा जास्त पण पाचपर्यंत जिल्ह्यांसाठी १० हजार, आणि अख्ख्या राज्यासाठी २५ हजार. नवीन माणूस स्वाभाविकपणे पाच हजार भरतो आणि 'जळगाव' लिहून मोकळा होतो.

आता नकाशा बघा. अमळनेरचा माणूस कामासाठी शिंदखेडा तालुक्यातल्या नरडाणा एमआयडीसीकडे बघतो, तो धुळे जिल्हा. चोपड्याहून शिरपूरला जायचं, तोही धुळे जिल्हा. चाळीसगावचा माणूस मालेगाव-नांदगावला काम घेतो, तो नाशिक जिल्हा. मुक्ताईनगरहून मलकापूरजवळची दसरखेड एमआयडीसी हाकेच्या अंतरावर, तो बुलढाणा जिल्हा. खान्देशातल्या एजन्सीचं पहिलं मोठं काम स्वतःच्या जिल्ह्याबाहेरचं निघण्याची शक्यता बरीच असते. जळगाव, धुळे, नंदुरबार, नाशिक आणि बुलढाणा हे बरोबर पाच जिल्हे होतात आणि त्यांची फी दहा हजार. सुरुवातीला वाचवलेले पाच हजार नंतर महाग पडतात. कारण परवान्यात नसलेल्या जिल्ह्यात गेटवर माणूस उभा केला, तर त्या जिल्ह्यापुरती ती एजन्सी विनापरवानाच ठरते.

रावेरचं दुखणं आणखी वेगळं. तिथल्या माणसाला जळगावपेक्षा बऱ्हाणपूर जवळ. नातीगोती तिकडे, बाजार तिकडे. पण परवाना राज्याचा असतो. मध्य प्रदेशात काम घ्यायचं तर त्या राज्याच्या नियंत्रक अधिकाऱ्याकडे वेगळा अर्ज करावा लागतो. शिरपूरहून सेंधव्याला जाणाऱ्यांनाही हेच लागू.

साठ दिवस कधी सुरू होतात?

परवाना देणारा अधिकारी तहसीलदार नाही आणि जिल्हाधिकारीही नाही. राज्य सरकार गृह विभागातल्या सहसचिव किंवा त्याच्या बरोबरीच्या दर्जाचा अधिकारी 'नियंत्रक प्राधिकारी' म्हणून नेमतं. अर्जासोबत प्रतिज्ञापत्र लागतं. प्रशिक्षणाची सोय काय केली आहे, कायद्यातल्या अटी कशा पाळणार, अर्जदारावर पोलिसांत किंवा कोर्टात काही प्रकरण आहे का, हे त्यात लिहून द्यावं लागतं. कंपनी स्थापनेत किंवा चालवण्यात गुन्हा केलेला, दिवाळखोर, दोन वर्षांपेक्षा कमी नाही अशी शिक्षा असलेल्या गुन्ह्यात दोषी ठरलेला, बंदी घातलेल्या संघटनेशी संबंध ठेवणारा किंवा गैरवर्तनामुळे सरकारी नोकरीतून काढलेला माणूस अर्जालाच पात्र नाही.

मग पोलिसांची चौकशी आणि ना-हरकत. कायदा म्हणतो, सगळ्या तपशिलासह अर्ज आणि फी मिळाल्यापासून साठ दिवसांत निर्णय द्यावा. 'सगळ्या तपशिलासह' हे दोन शब्द नीट वाचायला हवेत. एक भागीदार भडगावला, दुसरा नोकरीनिमित्त पुण्यात, कंपनीचा पत्ता जळगावचा, आधारवर गाव भलतंच. अशा अर्जात त्रुटी निघतात, आणि त्रुटी निघाली की साठ दिवसांचं घड्याळ सुरूच झालेलं नसतं. केंद्रीय गृह मंत्रालयाने सप्टेंबर २०१९ मध्ये परवान्यासाठी ऑनलाइन पोर्टल आणलं, त्यामुळे कागद कुठे अडकलाय हे कळण्याचा मार्ग झाला. पण चौकशी करणारा हवालदार शेवटी पोलीस ठाण्यातूनच निघतो. त्याच्याकडे गणपती, निवडणूक, बंदोबस्त आणि पासपोर्टचीही कामं असतात.

अर्ज नाकारायचा असेल तर अर्जदाराचं म्हणणं ऐकून घ्यावं लागतं, हे अनेकांना माहीत नसतं. नाकारल्यावर राज्याच्या गृह सचिवांकडे साठ दिवसांत अपील करता येतं, हेही नसतं. मधल्या काळात 'करून देतो' म्हणणारा एजंट भेटतो आणि सरकारी फीच्या कितीतरी पट रक्कम त्याच्याकडे जाते. त्यातली किती कामाची आणि किती नुसत्या भीतीची, हे ज्याने दिली त्यानेच ठरवावं.

परवाना पाच वर्षांचा असतो. मुदत संपायच्या किमान ४५ दिवस आधी नूतनीकरणाचा अर्ज करावा लागतो. सहा महिन्यांत काम सुरू करावं लागतं आणि साठ दिवसांत सुपरवायझर नेमावे लागतात.

एकशे साठ तासांचं काय?

सगळ्यात पोकळ जागा प्रशिक्षणाची आहे. केंद्राच्या २००६ च्या नमुना नियमांत रक्षकासाठी किमान १०० तास वर्गात आणि ६० तास मैदानावर, असं एकूण १६० तासांचं प्रशिक्षण किमान वीस कामाच्या दिवसांत द्यायचं सांगितलंय. माजी सैनिक आणि माजी पोलिसांसाठी ते ४० अधिक १६ तास, किमान सात दिवसांचं. वागणूक, शारीरिक तयारी, आग लागली तर काय करायचं, प्रथमोपचार, ओळखपत्रं तपासणं, पोलिसांना कळवायची पद्धत, हे सगळं त्यात येतं. उंची पुरुषांसाठी १६० आणि महिलांसाठी १५० सेंटिमीटर, आणि एक किलोमीटर सहा मिनिटांत धावता यावं. वय १८ पूर्ण आणि ६५ च्या आत.

गावाकडची परिस्थिती याच्या नेमकी उलट असते. आज फोन आला, उद्या माणूस हवा. वीस दिवस पोराला शिकवायचं तर त्या वीस दिवसांचा रोज कोण देणार? एजन्सी म्हणते, आमच्याकडे अजून कामच नाही. पोरगा म्हणतो, तेवढ्या दिवसांत कापूस वेचणीला गेलो असतो. गेटचा मालक म्हणतो, तो माझा प्रश्न नाही. प्रत्येक तालुक्याच्या गावी प्रशिक्षण संस्थाही नाही. जळगाव किंवा त्याहून लांब जाणं-येणं, राहणं आलं. मग होतं काय, तर प्रमाणपत्र आधी छापलं जातं आणि प्रशिक्षण राहतं ते राहतंच. अशा माणसाच्या हातात कागद असतो, पण सरकीला आग लागली तर बंब कसा चालवायचा हे त्याला कुणी दाखवलेलं नसतं. जिनिंगमध्ये आग ही कल्पनेतली गोष्ट नाही, दर हंगामात कुठे ना कुठे ती लागतेच.

सुपरवायझरचंही तसंच. नमुना नियमांप्रमाणे पंधरा रक्षकांवर एक सुपरवायझर पुरतो, पण रक्षक वेगवेगळ्या ठिकाणी विखुरलेले असतील तर दर सहा जणांमागे एक लागतो. साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्या डोंगरभर पसरलेल्या आहेत, शिवाजीनगरला महानिर्मितीचा १२५ मेगावॉटचा सौर प्रकल्प आहे. तांब्याची केबल चोरणाऱ्यांना नेमक्या अशाच एकाकी जागा आवडतात. तिथे एक माणूस, एक बॅटरी, एक काठी आणि मोबाइलला रेंज नाही. पंधराला एक या हिशोबाने कोटेशन दिलेली एजन्सी सहाला एक हा नियम पाळू शकत नाही, कारण तेवढे पैसे तिने मागितलेलेच नसतात.

साडेतीन माणसांचं गणित

सगळ्या गोष्टी इथेच येऊन थांबतात, म्हणून हा हिशोब जरा बारकाईने करू. एक गेट, चोवीस तास. आठ तासांच्या पाळीने दिवसाला तीन पाळ्या, आठवड्याला एकवीस. एक माणूस आठवड्याला सहा पाळ्या करणार. एकवीस भागिले सहा, म्हणजे साडेतीन माणसं. कायद्याने एका गेटला साडेतीन माणसं लागतात, आणि बाजार समितीपासून पतसंस्थेपर्यंत बहुतेक ठिकाणी उभी असतात दोन. दोघं बारा-बारा तास, सुट्टी घेतली तर पगार कट.

पुढे दर. रक्षकाचा मूळ पगार १०० रुपये धरा. भविष्य निर्वाह निधीचा मालकाचा वाटा प्रशासकीय खर्चासह १३ रुपये. ईएसआय लागू असेल तिथे मालकाचे ३ रुपये २५ पैसे. किमान बोनस ८ रुपये ३३ पैसे. इथेच साडेचोवीस रुपये झाले. साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी बदली माणूस द्यायचा तर त्याचे सोळा-सतरा रुपये. गणवेश, शिट्टी, बॅटरी, सुपरवायझर, एजन्सीचा नफा अजून बाकीच आहे आणि वर १८ टक्के जीएसटी. आता एखाद्या संस्थेने निविदा काढली, आणि किमान वेतनावर फक्त दहा टक्के जास्त लावणाऱ्याला 'सर्वात कमी दर' म्हणून काम दिलं, तर उरलेले पैसे कुठून येतात? रक्षकाच्या खिशातून. दुसरी जागाच नाही. संचालक मंडळाच्या बैठकीत हा हिशोब मांडायला पाच मिनिटं लागतात. तो मांडला जात नाही, कारण मांडला तर ठराव होत नाही.

एकोणीसचा खेळही जुनाच आहे. भविष्य निर्वाह निधी आणि बोनस साधारणपणे वीस माणसांपासून लागू होतात, म्हणून हजेरीपटावर एकोणीस आणि गेटवर चाळीस. पण सुरक्षा एजन्सीच्या कायद्याने किमान वेतन, भविष्य निर्वाह निधी, बोनस, ग्रॅच्युइटी या कायद्यांची यादीच जोडलेली आहे आणि त्यांचा भंग हे परवाना रद्द किंवा निलंबित करायचं कारण आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या आणि या यादीतले बहुतेक जुने कायदे त्यांत गेले. नेमणूकपत्र देणं आता सगळ्याच कामगारांसाठी आलं. रक्षकाने निदान ते मागावं.

दुसरं दार : १९८१ चा कायदा

महाराष्ट्रात आणखी एक गोष्ट आहे, जी दिल्लीच्या किंवा गुजरातच्या माहितीवर विसंबणाऱ्यांना ठाऊक नसते. माथाडी कामगारांच्या धर्तीवर राज्याने १९८१ मध्ये खासगी सुरक्षा रक्षकांसाठी स्वतःचा कायदा केला. एजन्सीमार्फत काम करणारा रक्षक आणि त्याला कामावर घेणारा मूळ मालक, दोघांनी सुरक्षा रक्षक मंडळाकडे नोंदणी करायची. पगार आणि भत्ते मंडळाकडे भरायचे. मंडळाने ते रक्षकाला द्यायचे, असा त्याचा गाभा. एजन्सीला आपलीच माणसं ठेवायची असतील तर त्या कायद्याच्या कलम २३ खाली शासनाची सूट घ्यावी लागते, आणि सूट मिळण्याची अट अशी की तिच्या रक्षकांचे पगार-फायदे मंडळाच्या रक्षकांपेक्षा कमी नसावेत. कारखान्याचा थेट आणि कायम नोकर असलेला वॉचमन यातून बाहेर आहे.

केंद्राचा परवाना हातात आला म्हणजे राज्याच्या कायद्याचं काम संपलं, असं अजिबात नाही. एक कायदा एजन्सीवर नजर ठेवतो, दुसरा रक्षकाच्या पोटावर. जळगाव-धुळ्यातल्या तालुक्यांत पहिल्याबद्दल थोडीफार माहिती आहे, दुसऱ्याबद्दल फारच कमी. त्यात सरकारी कार्यालयांना मंडळाचे किंवा २०१० च्या कायद्याने स्थापन झालेल्या महाराष्ट्र राज्य सुरक्षा महामंडळाचे रक्षक घेण्याचा रस्ता आहे, त्यामुळे नव्या खासगी एजन्सीला सरकारी रुग्णालय किंवा कॉलेजचं काम आपल्याला मिळेलच हे गृहीत धरून कर्ज काढू नये.

यात एक बाजू मात्र कायद्याने मोकळी सोडली. २००५ च्या कायद्यातली विनापरवान्याची शिक्षा धंदा करणाऱ्याला आहे. अशा एजन्सीला काम देणाऱ्या कारखान्याला किंवा संस्थेला त्यात शिक्षा नाही. दुबळेपणाचं मूळ इथे आहे. काम देणाऱ्याने परवान्याची प्रत मागितली असती तर निम्म्या बोगस एजन्स्या आपोआप बसल्या असत्या. तो मागत नाही, कारण परवानाधारक महाग पडतो. पण ठेकेदाराने पगार किंवा भविष्य निर्वाह निधी बुडवला तर वसुली मूळ मालकापर्यंत पोहोचू शकते, हे त्याला नोटीस आल्यावरच कळतं.

खाकी, कमांडो आणि बाउन्सर

गणवेशाबद्दल कायदा कडक आहे. सैन्य किंवा पोलिसांचा, अथवा त्यासारखा दिसणारा गणवेश घातला तर रक्षकही आणि एजन्सीचा मालकही एक वर्षापर्यंत कैद किंवा ५ हजार रुपये दंडाला पात्र. तरी खाकी शर्ट, लाल दोरी, पाठीवर 'कमांडो' हे सगळं लग्नात, नेत्याच्या वाढदिवसाला, दांडियाला सर्रास दिसतं. काळे टी-शर्ट घातलेले बाउन्सरही या कायद्यातून सुटलेले नाहीत. पैसे घेऊन दुसऱ्याच्या जिवाला किंवा मालमत्तेला संरक्षण देणं हीच व्याख्या आहे, दंड किती इंची हे त्यात लिहिलेलं नाही. परवाना म्हणजे बंदुकीचा परवानाही नव्हे. शस्त्राचा परवाना पूर्ण वेगळा.

एटीएममध्ये पैसे भरणाऱ्या गाड्यांना २०१८ चे वेगळे नियम आहेत. ग्रामीण भागात संध्याकाळी सहानंतर एटीएममध्ये रोकड भरायची नाही, शहरात रात्री नऊनंतर नाही. गाडीसोबत दोन सशस्त्र रक्षक लागतात. पाचोरा-पारोळ्याच्या रस्त्यावर अंधार पडल्यावर अशी गाडी दिसली तर तो गावाच्याही लक्षात यायला हवा असा विषय आहे.

केळीच्या बांधावरचा रखवालदार

रावेर-यावल भागात मात्र एक प्रश्न असा आहे, जो दिल्लीत कायदा लिहिणाऱ्यांच्या डोक्यात आला नसेल. इथे पीक संरक्षण सोसायट्या आहेत. केळीचे घड चोरणं, रागाच्या भरात रात्रीतून खोडं कापून टाकणं, ठिबकच्या नळ्या आणि पंपाची केबल पळवणं, यावर उपाय म्हणून शेतकरी एकत्र येऊन वर्गणी काढतात, रखवालदार ठेवतात. सोसायटी सहकार कायद्याखाली, रखवालदार सोसायटीचे, राखण सभासदांच्याच पिकाची. हा धंदा नव्हे, आपसातली सोय आहे, आणि या सोसायट्यांना सुरक्षा एजन्सीच्या रांगेत उभं करणं चुकीचं होईल.

पण वर्गणी थकली, खर्च वाढला की सोसायटीला सुचतं, आपलेच दोन रखवालदार शेजारच्या केळी पॅकहाउसला किंवा कोल्ड स्टोरेजला महिन्याच्या बोलीवर द्यावेत. ज्या दिवशी सभासद नसलेल्याकडून पैसे घेऊन माणूस दिला, त्या दिवसापासून सोसायटी त्या कायद्याच्या व्याख्येच्या उंबऱ्यावर उभी राहते. मग त्या रखवालदाराचं प्रशिक्षण, ओळखपत्र, चारित्र्य पडताळणी, पगाराची नोंदवही हे प्रश्न सोसायटीच्या चेअरमनला विचारले जाऊ शकतात. पॅकहाउसमध्ये चोरी झाली आणि विमा कंपनीने पहाऱ्याचे कागद मागितले, तर ते देणार कोण? सोसायटीने असं काम घ्यायचंच असेल तर आधी पोटनियम उघडून बघावेत, सहायक निबंधकांकडे लेखी विचारावं, आणि उत्तर येईपर्यंत रखवालदाराला बांधावरच ठेवावं.